महाद्वार रोड परिसरातील छोट्या व्यावसायिकांसाठी सोशल मीडिया मेळावे : प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२५

जूनमध्ये मिलान येथील प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी घाटाच्या चपला दिसल्या, त्यावरून देशभर वाद झाला आणि आमच्या परिसरातील चप्पल दुकानदारांच्या मोबाईलवर बाहेरगावच्या चौकशा एकाएकी वाढल्या. त्यांतील बहुतेकांना उत्तर गेलेच नाही, कारण ज्या मोबाईलवर त्या आल्या तो मालकाच्या खिशात होता आणि मालक गिऱ्हाईकाच्या पायाचे माप घेत होता. हे पाहून आम्ही तिघांनी कोल्हापुरातील महाद्वार रोड, पापाची तिकटी आणि गुजरी या पट्ट्यातील छोट्या व्यावसायिकांसाठी सोशल मीडिया व मार्केटिंगचे मेळावे भरवायचे ठरवले. आम्हा तिघांत एक छायाचित्रकार, एक निवृत्त बँक अधिकारी (आमचे हिशेबनीस) आणि मी आहे. माझा छपाईचा व खोकी करण्याचा व्यवसाय आहे. खोक्यांचे काम मिळेल अशी आशा मला अजिबात नव्हती असे लिहिणे खोटेपणाचे ठरेल, म्हणून मेळाव्यात माझे दरपत्रक ठेवायचे नाही अशी अट बाकीच्या दोघांनी आरंभीच घातली.

व्यवसायवाढीच्या ज्या संघटना आहेत, उदाहरणार्थ बीएनआय, त्यांच्या गटात एका धंद्यातील एकच सदस्य घेतला जातो आणि सभा बहुधा सकाळी लवकर होते. ती पद्धत आम्ही विचारात घेऊन सोडून दिली. येथे एकाच ओळीत शेजारी शेजारी चपलांची दुकाने आहेत आणि त्यांतील एकालाच बोलावले तर उरलेले सगळे कायमचे दुरावतील. तेव्हा एकाच धंद्यातील कितीही जण चालतील, शुल्क माणशी १०० रुपये असेल आणि मेळाव्यात कोणी आपला माल किंवा सेवा विकणार नाही, असे तीन नियम ठरले.

२२ जुलै

नोंदणीसाठी केलेला गूगल फॉर्म सपशेल पडला. सुमारे दोनशे जणांना दुवा पाठवला होता आणि त्यातून नऊ फॉर्म भरून आले. फॉर्ममध्ये ईमेल पत्ता, व्यवसायाचे स्वरूप आणि मेळाव्याकडून अपेक्षा असे रकाने होते. ईमेल पत्ता पुतण्याने उघडून दिलेला असल्याने तो लक्षात नसतो, आणि अपेक्षा लिहा असे म्हटले की माणूस फॉर्म बंद करतो. या खटाटोपात दहा दिवस गेले.

त्यानंतर जुनी रीत धरली. दुपारी दोन ते चार या वेळेत, गिऱ्हाईक कमी असताना, वही घेऊन दुकानोदुकानी फिरलो आणि नाव व मोबाईल क्रमांकाखेरीज एकच प्रश्न विचारला : मोबाईलवर आलेल्या शेवटच्या चौकशीचे पुढे काय झाले? या एका प्रश्नातून फॉर्मच्या सर्व रकान्यांपेक्षा अधिक माहिती मिळाली. दर विचारून गिऱ्हाईक गप्प होते, फोटो पाठवायला माणूस नाही, मागे एकदा जाहिरात केली आणि पैसे कुठे गेले ते कळले नाही, ही तीन उत्तरे पुन्हा पुन्हा आली. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी फॉर्मच्या वाटेला जाऊच नये असे माझे मत आहे. वही पुरते.

४ ऑगस्ट

पहिला मेळावा पार पडला, पण तो मेळावा कमी आणि व्याख्यान अधिक झाला. शहरातील एका जाहिरात संस्थेच्या वक्त्यांना मानधन देऊन बोलावले होते. त्यांनी पडद्यावर मोठ्या ब्रँडांच्या मोहिमा दाखवल्या. एंगेजमेंट, फनेल, रीच हे शब्द दीड तास ऐकल्यावर मागच्या रांगेतील एका साडी दुकानदारांनी शांतपणे विचारले की, माझे दुकान गूगलच्या नकाशावर पलीकडच्या गल्लीत दिसते, ते कसे हलवायचे? वक्त्यांकडे त्याचे उत्तर नव्हते आणि आमच्याकडेही त्या क्षणी नव्हते.

परस्परांच्या ओळखीसाठी शेवटचा अर्धा तास राखून ठेवला होता, पण वेळ दुपारी तीन ते पाच अशी असल्याने साडेचारलाच लोक उठू लागले, कारण संध्याकाळची विक्री साडेचार-पाचपासून सुरू होते आणि दुकानात पोरगा एकटा असतो. ओळखी झाल्या त्या दाराशी चपला घालताना.

नाश्त्याचा फटकाही नोंदवण्यासारखा आहे. बटाटेवडे मागवले होते आणि दिवस श्रावणी सोमवारचा होता. जवळजवळ निम्म्या लोकांचा उपवास होता. वडे शेवटी शेजारच्या तालमीतील पोरांनी संपवले.

खर्च : हॉल ५,००० रुपये, पडदा व प्रोजेक्टर १,२००, मानधन ३,०००, नाश्ता २,७००, फ्लेक्स ८००, एकूण १२,७००. जमा : ३८ जणांचे ३,८००. तूट ८,९०० रुपये.

९ ऑगस्ट

उपस्थित व्यावसायिकांना त्या जाहिरात संस्थेकडून पॅकेज घ्या असे फोन येऊ लागले आहेत. दाराशी ठेवलेल्या नोंदवहीच्या पानांचे फोटो कोणीतरी काढून नेले होते. आम्ही विक्री होणार नाही असा शब्द दिला होता, त्यामुळे प्रत्येकाला फोन करून दिलगिरी व्यक्त करावी लागली. यापुढे यादी हिशेबनीस सांभाळतील आणि वक्ता बाहेरचा असला तरी ती त्याच्या नजरेस पडणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅप गटाचीही अवस्था चांगली नाही. दोन दिवसांतच सुप्रभात, सवलतीचे फलक आणि कोणाच्या तरी मेव्हण्याच्या प्लॉटची जाहिरात यांनी तो भरून गेला. आता संदेश पाठवण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवला आहे. गट शांत झाला आहे, पण लोकांनी एकमेकांशी बोलावे हा हेतूही त्याबरोबर गेला. गटातून नेटवर्किंग होते ही समजूत निदान आमच्या अनुभवाने टिकलेली नाही.

१४ ऑगस्ट

पुढील मेळाव्याची मांडणी मुळापासून बदलली. व्यासपीठ, पडदा आणि वक्ता हे तिन्ही काढून टाकले. त्यांच्या जागी तीन टेबले राहतील : गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलच्या शोधात व नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद), व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस (व्यावसायिकांसाठीचे वेगळे अ‍ॅप) आणि फोटो. प्रत्येक टेबलापाशी वाणिज्य शाखेचे दोन विद्यार्थी बसतील आणि व्यावसायिकाच्या हातातील मोबाईलवर त्याच्याच बोटाने काम करून घेतील. विद्यार्थ्यांनी मोबाईल स्वतःच्या हातात घ्यायचा नाही हा नियम मुद्दाम केला, कारण पुतण्याने करून दिलेल्या गोष्टी पुतण्या पुण्याला गेला की बंद पडतात.

टेबलांवर धंद्यानुसार न बसवता अडचणीनुसार बसवायचे ठरले. चप्पलवाल्याशेजारी चप्पलवाला बसला की दोघेही दराविषयी अवाक्षर काढत नाहीत. चप्पलवाल्याशेजारी गूळवाला बसला की दोघेही मोकळे होतात.

२९ ऑगस्ट

परवा गणपती बसले. काम पूर्ण थांबले आहे आणि ते थांबणारच होते.

९ सप्टेंबर

मेळाव्याची तारीख १६ सप्टेंबर ठरवल्यावर अनपेक्षित बाजूने विरोध आला. तो काळ पितृपक्षाचा आहे आणि पितृपक्षात नवे काही सुरू करायचे नाही असे अनेकांचे म्हणणे पडले. आमचा हिशेब नेमका उलटा होता : पितृपक्षात खरेदी मंदावते, दुकानदाराला उसंत असते आणि २२ तारखेला घटस्थापना झाली की अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीत कोणाला मान वर करायला सवड मिळणार नाही. तोडगा असा निघाला की दीपप्रज्वलन, नारळ, सत्कार यांपैकी काहीही होणार नाही, निमंत्रणात ‘शुभारंभ’ हा शब्द येणार नाही आणि या प्रकाराला ‘कामाची बैठक’ म्हटले जाईल. यात सत्काराचा अर्धा तास आपोआप वाचला, हा लाभ आम्ही पुढेही सोडणार नाही.

जागा बदलून पेठेतील एका तालमीचा हॉल घेतला. भाडे नाही, देणगी १,००१ रुपये. वेळ दुपारी दीड ते साडेतीन.

१६ सप्टेंबर

दुसरा मेळावा, उपस्थिती ३१. आधी काय अडले ते लिहितो.

पहिली अडचण इंटरनेटची. तालमीच्या जाड दगडी भिंतींच्या आत मोबाईलची रेंज येत नव्हती आणि हे रिकाम्या हॉलमध्ये एका मोबाईलवर तपासताना ध्यानात आले नव्हते, कारण तपासणी दाराजवळ झाली होती. विद्यार्थ्यांपैकी एकाने जवळच्या दुकानातून ९०० रुपयांचा राउटर आणला, शेजारच्या घरातून केबल ओढली आणि पाऊण तासाने काम सुरू झाले. तोवर फोटोचे टेबल चालू ठेवता आले, कारण त्याला इंटरनेट लागत नाही.

गूगलच्या टेबलापाशी सर्वांत अधिक वेळ गेला. दुकानाचे प्रोफाइल आधीच कोणीतरी तयार करून ताब्यात घेतलेले आहे असा प्रकार अनेकांच्या बाबतीत आढळला. कुठे जुन्या नोकराचा, कुठे जाहिरातवाल्याचा ईमेल त्यामागे होता. अशा वेळी मालकी मागण्याची विनंती पाठवता येते आणि सध्याच्या ताबेदाराला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात. त्याने उत्तर दिले नाही तर पुढे प्रोफाइलवर हक्क सांगण्याचा पर्याय मिळू शकतो. म्हणजे मेळाव्यात बसून हे काम संपत नाही, फक्त सुरू होते.

पडताळणीचेही तसेच. गूगल बहुतेकांकडे चित्रफीत मागते, आणि ती न थांबवता एकाच दमात काढावी लागते : आधी रस्ता व आजूबाजूच्या खुणा, मग दुकानाची पाटी, मग आतला माल आणि शेवटी दुकान आपल्याच ताब्यात असल्याची खूण, जसे कुलूप उघडणे किंवा गल्ला उघडणे. हॉलमध्ये बसून हे होणे शक्यच नव्हते. विद्यार्थी एकेका मालकाबरोबर त्यांच्या दुकानात गेले आणि तेथे चित्रफीत काढली. तालीम सर्वांच्या पायी अंतरावर होती म्हणून हे जमले. पहिल्या मेळाव्याचा हॉल शहराच्या दुसऱ्या टोकाला होता, तेथे ते अशक्य झाले असते. जागा निवडताना वाहनतळ, पंखे, ध्वनिक्षेपक पाहण्यापेक्षा दुकानांपासूनचे अंतर पाहावे.

काही चित्रफिती परत येतील असे आताच दिसते आहे, कारण पाटीवर आजोबांचे नाव, जीएसटीच्या प्रमाणपत्रावर नातवाचे आणि प्रोफाइलवर ‘बेस्ट कोल्हापुरी चप्पल शॉप’ असे तिसरेच नाव आहे. गूगलच्या नियमानुसार पाटीवर असेल आणि लोक ओळखतात तेच नाव लिहायचे असते, त्यात जाहिरातीचे शब्द घुसडता येत नाहीत. चांगला अभिप्राय दिल्यास सवलत देण्याचा एका दुकानदाराचा बेतही याच कारणाने सोडून द्यावा लागला, कारण अभिप्रायाच्या बदल्यात काही देणे गूगलला मान्य नाही.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या टेबलावर भीती एकच होती : जुने संवाद जातील. बॅकअप घेऊन तोच क्रमांक नव्या अ‍ॅपमध्ये नेला की संवाद राहतात, पण हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी तयार होईना, म्हणून आधी आमच्या हिशेबनिसांनी आपला क्रमांक सर्वांसमोर नेऊन दाखवला. त्यानंतर कॅटलॉग आणि ठरावीक उत्तरे तयार करणे सोपे गेले. ब्रॉडकास्टबाबत, म्हणजे यादीतील सर्वांना एकदम एकच संदेश पाठवण्याबाबत, मात्र निराशा झाली. त्या यादीतून पाठवलेला संदेश ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. दुकानदाराने गिऱ्हाईकाचा क्रमांक जतन केलेला असतो, गिऱ्हाईकाने दुकानदाराचा नाही. त्यावर उपाय म्हणून गल्ल्यावर ठेवायची छोटी पाटी छापून दिली : ‘आमचा नंबर सेव्ह करा, नवे नमुने मोबाईलवर पाहा’. ही छपाई मी फुकट केली, हे अटीत बसते की नाही यावर आमच्यात थोडी वादावादी झाली.

फोटोचे टेबल सर्वांत आनंदाचे ठरले. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत चपलेचा तेल पाजलेला तांबूस रंग पिवळट दिसतो, आणि दाराजवळच्या उजेडात करड्या कागदावर ठेवून काढला की विणलेली वेणी आणि टाका वेगळा दिसतो. इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्याला गाण्यांची निवड मर्यादित असते, चित्रपटांतील गाजलेली गाणी तेथे बहुधा मिळत नाहीत, यावर बरीच कुरकुर झाली. तेव्हा छायाचित्रकार मित्राने चपलेचा कर्रकर्र आवाजच ध्वनिमुद्रित करून रीलला लावला. गाणे शोधण्याचा प्रश्न चप्पलवाल्यांपुरता तरी मिटला.

आणि ज्यासाठी मेळावा भरवला ते नेटवर्किंग, ते रांगेत थांबलेल्या लोकांत झाले. घरगुती कांदा-लसूण चटणी विकणाऱ्या एका बाईंचे कॅटलॉग अडले होते, कारण पाकिटावर एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक नव्हता आणि त्याशिवाय फोटो टाकू नका असे आम्हीच सांगितले. रांगेत त्यांच्यामागे उभ्या असलेल्या गूळ व्यापाऱ्यांनी, वर्षाची उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर अल्प शुल्कात साधी नोंदणी होते, हे सांगून अर्ज कोठे आणि कसा करायचा ते तेथेच मोबाईलवर दाखवले. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत हे कोठेही नव्हते.

खर्च : देणगी १,००१ रुपये, विद्यार्थ्यांचे मानधन १,८००, चहा व साबुदाण्याची खिचडी १,५००, राउटर ९००, कागद व दिवे ७००, एकूण ५,९०१. जमा ३,१००. तूट २,८०१.

२० सप्टेंबर

चार दिवसांपूर्वी भरलेल्या कॅटलॉगमधील बरेच दर बदलावे लागत आहेत. २२ तारखेपासून जीएसटीचे नवे दर लागू होत आहेत आणि २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के कर लागणार आहे. आतापर्यंत १,००० रुपयांपर्यंत १२ टक्के आणि त्यावर १८ टक्के होता. घोषणा महिन्याच्या आरंभीच झाली होती, त्यामुळे नव्या दराने कॅटलॉग भरता आले असते. दर फोटोवरच छापलेले ज्यांचे आहेत त्यांना फोटो पुन्हा करावे लागतील. ज्यांनी दर कॅटलॉगच्या रकान्यात लिहिले त्यांचे काम पाच मिनिटांत झाले. फोटोवर दर छापू नये.

५ ऑक्टोबर

नवरात्रात चार व्यावसायिकांनी मिळून एक जाहिरात चालवली : चप्पल, साज, साडी आणि गूळ. दर्शनाला आलेल्या बाहेरगावच्या माणसाने एकाच फेरीत चारही दुकाने पाहावीत अशी कल्पना होती. मेटावर (फेसबुक व इन्स्टाग्राम) ४,००० रुपयांची जाहिरात, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७२०, म्हणजे प्रत्येकी १,१८० रुपये. जीएसटीची रक्कम वेगळी लागते हे आधी सांगितले नाही तर भागीदारीत पहिला खटका तेथेच उडतो, म्हणून ते आधी कागदावर लिहून घेतले होते.

चौकशा दीडशेच्या आसपास आल्या. प्रतिसाद वाईट नव्हता, पण निम्म्याहून अधिक संदेश रात्री नऊनंतरचे होते आणि जाहिरातीला जोडलेला क्रमांक चप्पल दुकानदारांचा होता. नवरात्रात दुकान बंद करून घरी जायलाच त्यांना साडेदहा वाजत. सकाळी उत्तर जाईपर्यंत विचारणारी मंडळी दर्शन घेऊन पुढच्या गावाला लागलेली असत. शिवाय साडीची चौकशी चप्पलवाल्यांकडे आणि गुळाची चौकशीही त्यांच्याकडेच येत होती, आणि ती पुढे पाठवण्याइतका वेळ त्यांना नव्हता. साजवाल्यांच्या मते त्यांचे १,१८० रुपये चप्पलवाल्यांच्या मोबाईलमध्ये बुडाले. त्यांचे म्हणणे मला पटते.

जुलैमध्ये जी अडचण पाहून हे काम सुरू केले तीच पैसे खर्चून मोठी करून घेतली असे म्हणावे लागेल. जाहिरातीने चौकशा वाढतात, उत्तर देणारा माणूस वाढत नाही.

१२ ऑक्टोबर

दिवाळीपूर्वी दुरुस्ती केली. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका क्रमांकाला मुख्य मोबाईलखेरीज आणखी चार उपकरणे जोडता येतात. चप्पल दुकानदारांकडच्या नव्या क्रमांकाला त्यांच्या सूनबाईंचा मोबाईल आणि बाकी तिघांच्या घरचा एकेक मोबाईल जोडला. यात एकाला दुसऱ्याचे सर्व संवाद दिसतात, त्यामुळे घरगुती क्रमांक यासाठी वापरू नये, नवे सिम घ्यावे. आम्ही तेच केले. रात्री नऊ ते अकरा या वेळेत उत्तर देण्याची पाळी चार घरांत वाटून दिली. ठरावीक उत्तरांत पहिल्याच संदेशात दराचा पल्ला, माप कसे घ्यायचे त्याचा फोटो आणि पार्सलचा खर्च जातो. दर सांगायला टाळाटाळ केली की गिऱ्हाईक पुढे बोलत नाही, हे चौघांनाही मान्य करायला नवरात्र जावे लागले.

पार्सलसाठी एकच ठिकाण ठरवले. चारही जणांचा माल गूळ व्यापाऱ्यांच्या गाळ्यात जमतो आणि कुरिअरचा माणूस तेथूनच उचलतो. एकत्र मालामुळे दर थोडा कमी करून मिळाला.

११ नोव्हेंबर

तिसरा मेळावा, उपस्थिती २९, शुल्क वाढवून १५० रुपये. या वेळी एकच टेबल ठेवले : आलेल्या चौकशीला उत्तर देणे. प्रत्येकाने आपल्या मोबाईलमधील अनुत्तरित चौकशा उघडायच्या आणि शेजाऱ्याने गिऱ्हाईक होऊन प्रश्न विचारायचे. सुरुवातीला हसण्यात वेळ गेला, मग गुजरीतील एका सराफांनी गिऱ्हाईकाची भूमिका इतक्या चिवटपणे केली की समोरचे साडीवाले खरोखरच चिडले. दिवाळीत चौघांच्या सामाईक क्रमांकावर आलेल्या चौकशांपैकी बहुतेकांना त्याच रात्री उत्तर गेले होते आणि त्याचे संवाद त्यांनी सर्वांना दाखवले. त्यानंतर चटणीवाल्या बाई, एक शिंपी आणि एक फ्रेमवाले यांनी असाच सामाईक क्रमांक घ्यायचे ठरवले. बाईंना नोंदणी क्रमांक मिळाला आहे.

खर्च ४,२०१ रुपये, जमा ४,३५०. एकूण तूट आता ११,५५२ रुपये आहे आणि ती आम्ही तिघांनी सारखी वाटून घेतली. यातील बहुतांश तूट पहिल्या मेळाव्याची आहे.

बाकी कामे : मालकीच्या विनंत्यांपैकी दोन अजून अडकल्या आहेत, कारण जुन्या ताबेदाराने नकार कळवला, तेथे आता दुकानाच्या कागदपत्रांसह दाद मागावी लागेल. चप्पल दुकानदारांपैकी काहींनी प्रोफाइलवर ‘जीआय’ असे लिहिले आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय तसे लिहिता येत नाही. ज्यांची नोंद नाही त्यांनी ते काढावे आणि अर्जाची चौकशी करावी, यासाठी एक दुपार वेगळी काढणार आहोत. लग्नसराईत साडीवाले येणार नाहीत, म्हणून पुढील बैठक संक्रांतीनंतर, त्याच तालमीत, दीड वाजता. राउटर हिशेबनिसांकडे ठेवला आहे.